हिरवळीची उन्हाळी कटिंग

बँकेच्या इमारतीला लागून, दोन खुर्च्या आणि भिंतभर एक आरसा, एवढंच कात्रीकाकांचं सलून होतं. ते एकोणचाळीस वर्षं चाललं. या काळात शेजारच्या बँकेत अकरा मॅनेजर आले आणि बदलून गेले. अकराही जणांच्या टाळूवरचा भोवरा कुठल्या बाजूला वळतो हे काकांना पाठ होतं. कोणाच्या कानामागे लहानपणी पडल्याची खूण आहे, कोण पांढरे केस लपवतो आणि कोणाची टक्कल पडण्याच्या भीतीने झोप उडाली आहे, हे सगळं त्यांच्या पोटात होतं आणि पोटातच राहिलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मन मोकळं करतं. काका नुसतं हं हं करत आणि कात्री चालवत. त्यामुळे सगळी वस्ती त्यांना फार शहाणा माणूस समजत असे.

पुढे उजवा हात थरथरायला लागला. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग कात्रीला, आणि एका मंगळवारी वस्तऱ्याला. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाखाली बारीकसा ओरखडा उठला. गिऱ्हाईक भला माणूस, तो म्हणाला, तुरटी लावा, काही होत नाही. काकांनी तुरटी लावली, पैसे घेतले नाहीत, आणि त्याच आठवड्यात दुकान बंद केलं. कोणी कारण विचारलं तर सांगत, हाताने राजीनामा दिला, मी नुसती सही केली.

काकी सहा वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. मुलगी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रोग्यांच्या वेळा सांभाळायची आणि जावई मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत होता. आठ महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. घर दूर उत्तरेच्या एका गावात, गल्लीच्या टोकाला होतं; तिथे पावसाळा नावालाच, उन्हाळा ऑगस्ट संपेपर्यंत, आणि थंडीत दव गोठायचं. दोन झोपायच्या खोल्या, मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद हिरवळ. ती जावयाने स्वतःच्या हातांनी केली होती. तीन सुट्ट्या त्याने तिथे घातल्या होत्या. पहिल्या सुट्टीत दगड वेचले, दुसरीत माती आणली, तिसरीत बी पेरलं. घरात नवा सोफा घ्यायचा राहून गेला होता तो त्याच काळात, असं मुलगी हसून सांगायची.

काकांना त्या घरात कोणी काही कमी पडू दिलं नाही. तरी ते पाहुण्यासारखेच राहत. चहा पिऊन झाला की कप धुऊन पालथा घालत, पंखा लावायचा तर आधी विचारत, आणि वर्तमानपत्राची घडी अशी घालत की ते कोणी वाचलंच नाही असं वाटावं. मुलगी चिडायची. म्हणायची, बाबा, तुम्ही या घरात राहता की तपासणीला आलाय? काका नुसते हं हं करत. त्यांच्या धाकट्या भावाने पत्र लिहून कळवलं होतं की गॅरेजच्या वरची खोली रिकामी आहे, ये, दोघं म्हातारे भांडत बसू. ते पत्र त्यांनी चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. हो कळवलं नव्हतं आणि नाहीही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावई निघाला. निघायच्या दिवशी सकाळी, एक बूट पायात आणि एक हातात, अशा अवस्थेत तो मागच्या दारात आला आणि म्हणाला, "बाबा, हिरवळ तुमच्यावर सोपवून चाललोय. दर रविवारी एक फोटो टाकत जा. तिकडे नुसतं पाणी आणि लोखंड दिसतं."

एवढंच. जावई बोलायला कमी आणि काका विचारायला संकोची, म्हणून किती पाणी, किती कापायचं, कधी काय घालायचं, यातलं काहीच झालं नाही. पण काकांची छाती दोन इंच फुगली. दुकान बंद केल्यापासून कोणी त्यांच्यावर कसली जबाबदारी टाकली नव्हती, अगदी दूध तापवायचीसुद्धा. त्या दिवशी त्यांनी मनाशी एक करार केला. नोव्हेंबरात जावई परत येईल तेव्हा हिरवळ जशीच्या तशी दाखवता आली, तर आपण या घरात राहण्याच्या लायकीचे. नाही आली, तर गॅरेजवरची खोली.

मार्च-एप्रिल छान गेले. गवत कापायच्या मशीनला उंची कमीजास्त करायला एका कडेला सहा खाचा होत्या. जावयाने दांडा चौथ्या खाचेत ठेवला होता, काकांनी तो तिथेच राहू दिला. आठवड्यातून एकदा मशीन फिरवायची, कडेचं गवत जुन्या कात्रीने सरळ करायचं. त्या कामाला ते कल्ले काढणं म्हणत. हात थरथरला तरी गवत ओरडत नाही, हा त्यातला मोठा फायदा. रविवारी सकाळी ते वाकून फोटो काढत आणि पाठवत. उत्तरात जावयाकडून एक अंगठा यायचा. तो अंगठा काका दिवसातून तीनदा बघत.

मे उजाडला आणि ऊन तापलं. इथे काकांचा अनुभव मध्ये आला. एकोणचाळीस उन्हाळे त्यांनी पाहिले होते. मे लागला की गिऱ्हाइकं दारातूनच सांगत, काका, एकदम बारीक करा, डोकं तापतंय. शाळकरी पोरं, म्हातारे, बँकेचे मॅनेजरसुद्धा. उन्हाळा म्हणजे बारीक, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मेच्या दुसऱ्या सोमवारी, मुलगी दवाखान्यात गेल्यावर, काकांनी मशीनचा दांडा सरळ सगळ्यात खालच्या खाचेत आणला आणि हिरवळीची उन्हाळी कटिंग केली.

कटिंग मात्र झकास झाली. आडवं उभं दोनदा मशीन फिरवली, दाताळ्याने सगळं गवत ओढून काढलं, कल्ले सरळ केले. मग गुडघ्यावर बसून, गिऱ्हाइकाच्या मानेवरून फिरवावा तसा तळवा फिरवला. मुलगी संध्याकाळी आली, खिडकीतून बघितलं आणि जरा थांबून म्हणाली, बाबा, थोडं जास्तच बारीक झालं का? काका म्हणाले, उन्हाळा आहे, गार वाटेल त्याला. आणि वाढायचं काय, केसच ते.

गुरुवारपर्यंत हिरवळ पिवळी पडली. पुढच्या सोमवारी ती पायपुसण्यासारखी दिसायला लागली. मधूनमधून माती उघडी पडली होती आणि भर दुपारी ती माती तव्यासारखी तापायची. काका हबकले. अशक्तपणा आला असणार असं त्यांना वाटलं. सलूनमध्ये अशक्त केसांना ते तेल सुचवत. इथे त्यांनी खताची पिशवी सुचवली. अख्खी पिशवी, भर दुपारी, मुठी मुठीने. तीन दिवसांत त्या मुठी जिथे पडल्या होत्या तिथे गोल गोल जळके चट्टे उठले. हिरवळीला चाई लागली होती, डोक्यावरचे केस गोल पुंजक्यांनी गळतात तशी.

कुंपणापलीकडे नर्सबाई राहत. सरकारी इस्पितळातून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ कण्याच्या. त्यांचीही हिरवळ होती आणि ती बोटभरापेक्षा जास्त उंच ठेवलेली असे. बाईंच्या हिरवळीला एकदा कोणीतरी कटिंग करायला हवी, असं काका एप्रिलमध्ये मुलीला म्हणाले होते. आता ती उंच हिरवळ पानोपान हिरवी होती. नर्सबाईंनी कुंपणावरून वाकून काकांच्या बाजूला पाहिलं, वॉर्डात शिरताना पहिल्याच खाटेवर नको ते दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"काय केलंत हो हे?"

"उन्हाळी कटिंग," काका म्हणाले.

"केस कापले म्हणून डोकं मरत नाही, कात्रीकाका. पण गवताचं पान म्हणजे त्याचं तोंड. तुम्ही तोंडच कापून घेतलंत, आणि वर उपाशी म्हणून ताट वाढलंत. खाणार कशाने?"

मग त्यांनी तिथल्या तिथे औषधोपचार सांगितला. खत बंद. मशीन बंद. पाणी आठवड्यातून दोनदाच, पण पहाटे, आणि इतकं की माती वीतभर खोल भिजली पाहिजे. रोज संध्याकाळी पाइपाने चुळभर पाणी उडवायची सवय आजपासून सुटली पाहिजे, कारण त्याने मुळं वरच लोळत राहतात, खाली जायला शिकत नाहीत. आणि सप्टेंबरपर्यंत धीर धरायचा. काका सगळ्याला हं हं म्हणाले. पण त्यांच्या डोक्यात वेगळीच चिंता होती. रविवार येत होता.

पहिल्या रविवारी त्यांनी एप्रिलमधला एक जुना फोटो पाठवला. अंगठा आला. दुसऱ्या रविवारी जुना फोटो पाठवायचं धाडस होईना, कारण जावई इंजिनातला माणूस, त्याची नजर बारीक. तेव्हा काका सकाळी सहा वाजता कुंपणापाशी गेले, फोन फांद्यांच्या फटीतून पलीकडे घातला आणि नर्सबाईंच्या हिरवळीचा फोटो काढला. तो पाठवला. अंगठा आला. त्या अंगठ्याकडे त्यांना एकदाही बघवेना. मुलीला सगळं दिसत होतंच. ती नवऱ्याला सांगायला निघाली तेव्हा काकांनी तिला थांबवलं होतं, माझं मी सांगतो म्हणून. ती रोज संध्याकाळी भुवया उंचावून बघायची आणि काका रोज फोनला नेटवर्क नसल्याचं सांगायचे.

तिसऱ्या रविवारी फांद्यांच्या फटीत फोन घातला तर पडद्यावर गवताऐवजी दोन पांढऱ्या चपला आल्या. नर्सबाई समोर उभ्या होत्या. आधी त्यांना वाटलं म्हातारा बिघडला. मग काकांनी सगळी हकिगत सांगितली, जावयाच्या बुटापासून ते अंगठ्यापर्यंत, आणि फक्त नोव्हेंबरपर्यंत सांभाळून घ्या म्हणून विनवलं. गॅरेजवरच्या खोलीचं त्यांच्या तोंडून कसं निघून गेलं ते त्यांनाही कळलं नाही. नर्सबाई ऐकून घेत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"चौतीस वर्षांत मी पेशंटच्या नातेवाइकांशी खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या मोठ्या आजारांत नाही बोलले. आता गवतासाठी बोलू?"

काकांनी दुपारभर बसून मोठा मजकूर लिहिला. त्यात उष्णता होती, अनुभव होता, खताच्या पिशवीवरची बारीक अक्षरं होती. मग तो पुसला. मागच्या दारात उभं राहून समोर दिसतं त्याचा फोटो काढला, सगळे चट्टे येतील असा, आणि खाली लिहिलं: ‘ही आजची. मागचा फोटो शेजारच्यांचा होता आणि त्याआधीचा जुना. चूक माझी. मी फार बारीक कापलं.’

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलीने समजावलं की जहाज अशा पट्ट्यात आहे जिथे आठ-दहा दिवस काही पोचत नाही. काकांना ते पटलंही, पण त्यांनी पलंगाखालची बॅग ओढून काढली, पुसली, दोन लोकरी बनियन तिच्यात ठेवले आणि परत सरकवली. पत्राला उत्तर नाही म्हणून भावाचा फोन आला. खोलीला रंग दिलाय म्हणाला, निळा. काका म्हणाले नोव्हेंबरनंतर कळवतो.

नवव्या दिवशी, भांडी पुसत असताना, फोन वाजला. अंगठा नव्हता. दोन ओळी होत्या. ‘ओढून बघा. मुळासकट हातात येत नसेल तर जिवंत आहे.’

काका हातातला फडका खांद्यावर टाकून तसेच बाहेर गेले. गुडघ्यावर बसले आणि वाळक्या गवताचा एक झुबका चिमटीत धरून ओढला. आला नाही. जरा पुढे सरकून ओढला. आला नाही. साऱ्या हिरवळीवर ते असे रांगत फिरले. कोणी बघितलं असतं तर म्हातारा गवत उपटतोय असंच वाटलं असतं. जळक्या चट्ट्यांवर मात्र झुबके अलगद हातात आले, विगसारखे. असे चट्टे सात. बाकी सगळं घट्ट होतं. त्यांनी तसं कळवलं. उत्तर आलं, ‘बरं.’

या ‘बरं’वर काकांनी दोन दिवस विचार केला. रागाचं बरं, की समजुतीचं बरं, की आता काय बोलणार असलं बरं? शेवटी मुलीला विचारलं. ती भाजी चिरत होती, ती हसायला लागली. म्हणाली, मी लग्नाला हो म्हटलं तेव्हाही तो बरंच म्हणाला होता. मला अजून कळलेलं नाही.

जून, जुलै, ऑगस्ट काकांनी धीर धरला, आणि धीर धरणं हे मशीन फिरवण्यापेक्षा अवघड आहे हे त्यांना कळलं. पहाटे पाच वाजता उठून पाणी लावायचं. स्टीलच्या सळईने माती टोचून बघायची, किती खोल ओल गेली. रविवारी खरा फोटो पाठवायचा. तिकडून आता अंगठे येत नसत, प्रश्न येत. कडेचं तण फुललं का? मुंग्या आहेत का? काका माहिती काढून उत्तर देत, आणि माहिती नसली की नर्सबाईंना विचारत. हळूहळू जुन्या पिवळ्या काड्यांच्या मधून हिरवी टोकं वर आली. चाळीस फुटांत सात टकलं सोडली तर बाकी डोकं शाबूत होतं. नर्सबाईंचा आणि त्यांचा मात्र शेवटपर्यंत एका गोष्टीवर वाद राहिला. त्या पेशंट म्हणत, काका गिऱ्हाईक म्हणत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उष्मा ओसरला आणि नर्सबाई स्वतः कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या, बाह्या वर करून. दाताळ्याने मेलेल्या काड्यांचा थर खरवडून काढायचा होता. तो गवताच्या मुळाशी चटईसारखा बसतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. काका बघताक्षणी म्हणाले, कोंडा आहे. पहिल्यांदाच नर्सबाईंनी त्यांचा शब्द मान्य केला. मग चार काट्यांचं फावडं पायाने दाबून सगळीकडे भोकं पाडली, म्हणजे घट्ट बसलेल्या मातीला हवा मिळेल. त्या कामाला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दोघंही पायरीवर बसून कंबर धरत होते आणि कोणाचं जास्त दुखतंय यावर बोलत होते.

पाचव्या दिवशी बी. सात चट्ट्यांवर ते टाकायचं होतं, एकसारखं, दाटही नको आणि विरळही नको. नर्सबाईंनी पहिल्या चट्ट्यावर टाकलं तर सगळं एका जागी पडलं, ढिगासारखं. दुसऱ्यांदाही तसंच. काकांनी मूठभर बी घेतलं, उजवा हात चट्ट्यावर धरला आणि बोटं सैल केली. हात नेहमीसारखा थरथरत होता. बी असं पडलं की चाळणीतून पडावं, जिथे तिथे, दाण्याशेजारी दाणा.

नर्सबाई वाकून बघत राहिल्या. "हा हात कुठून आणलात?"

"नवीनच आहे," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली."

त्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. काकाही हसले. त्या हाताबद्दल ते कोणापुढे हसले असे हे पहिल्यांदाच झालं. उरलेले सहा चट्टे त्यांनीच पेरले. वर चाळलेल्या शेणखताचा पातळसा थर दिला, आणि दिवसातून दोनदा बारीक फवारा, कारण बी रुजेपर्यंत मातीचा वरचा पापुद्रा वाळून चालत नाही. चिमण्यांसाठी त्यांनी खुर्ची बाहेर नेली आणि वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. पान उलटायचा आवाज झाला की चिमण्या उडत. त्या दिवसांत त्यांनी छोट्या जाहिरातीसुद्धा मोठ्याने वाचल्या.

दहाव्या सकाळी मातीवर काहीतरी लवलवताना दिसलं. काका पोटावर झोपले आणि डोळा जमिनीला लावला. जावळ होतं. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर असतं तसं, इतकं मऊ आणि इतकं विरळ की अंगावर ऊन आडवं पडलं तरच कळावं. पहिल्यांदा आईच्या मांडीवर बसून केस कापून घेणारी शेकडो पोरं त्यांनी पाहिली होती, त्यामुळे जावळाला किती हळू हात लावायचा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. महिनाभर त्यांनी तिकडे मशीन फिरकू दिली नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर गवत पुरेसं उंच झाल्यावर त्यांनी सलूनमधला जुना कंगवा आणला, तो जागोजागी गवतात उभा धरून उंची मोजली, आणि मगच सगळ्यात वरच्या खाचेवर एकदा मशीन फिरवली. नर्सबाई कुंपणावरून म्हणाल्या, आता गवताचा भांगही पाडा.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी जावई आला. विमान उशिरा आलं, तो अंधार पडल्यावर घरी पोचला, जेवला आणि मेल्यासारखा झोपला. हिरवळीबद्दल एक अक्षर नाही. काकांना रात्री झोप लागली ती पहाटेच्या सुमाराला, त्यामुळे सकाळी उशीर झाला. जाग आली ती खडखड आवाजाने. मशीन मागच्या खोलीतून ओढत बाहेर काढण्याचा तो आवाज होता. काका तसेच, पायात चप्पल न घालता, मागच्या दारात आले. जावई जुना स्वेटर घालून हिरवळीच्या कडेला उभा होता. त्याने दांडा खाली दाबला. एक खाच, दोन, तीन, करत थेट शेवटची.

"थांबा."

तो आवाज आपला आहे हे काकांना पुढच्या क्षणी कळलं. एकोणचाळीस वर्षांच्या सलूनमध्ये त्यांनी इतका मोठा आवाज कधी काढला नव्हता. खिडकीत मुलगी आली. कुंपणापलीकडे पाइपचं पाणी बंद झालं.

"काय झालं बाबा?" जावई म्हणाला. "थंडी पडायच्या आत मी एकदा तळापर्यंत मारतो. दर वर्षीच."

"म्हणून दर वर्षी तुमचं गवत मार्चमध्ये उशिरा उठतं. दांडा वर घ्या. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्सा कापायचा, त्याच्यापुढे एक पान नाही. आणि तिकडे, त्या कोपऱ्यात, नऊ आठवड्यांची पोरं आहेत. तिथे मशीनचं चाकसुद्धा जपून."

ज्याच्या घरात राहतो त्यालाच आपण त्याच्याच हिरवळीवर उभं राहून दटावलं, हे काकांच्या हळूहळू लक्षात आलं. पाय गार पडले होते. जावई त्यांच्याकडे बघत होता. त्याने मशीन सोडली, खाली बसला आणि दोन्ही तळवे गवतावरून फिरवले, आधी पुढे, मग उलट्या दिशेने.

"सात होते ना?" त्याने विचारलं. "मला दोनच सापडतायत."

"एक तुम्ही गुडघ्याखाली घेतलाय," काका म्हणाले.

जावई उठला. गुडघा झटकला. दांडा त्याने एक खाच वर घेतला आणि काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. आणखी एक खाच. काकांनी परत मान हलवली. पाचव्या खाचेला ते म्हणाले, हं.

"आणि यापुढे?" जावयाने विचारलं. "मी जानेवारीत परत निघतोय."

"यापुढे काय, पानगळ आहे, रोज पानं ओढायची, नाहीतर खाली गवत गुदमरतं. दव गोठलेलं असेल त्या सकाळी कोणी पाय ठेवायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. जानेवारीत पातं धार लावून आणायचं, बोथट पातं कापत नाही, फाडतं. मार्चच्या शेवटी पहिली कापणी, अगदी वरवर. एप्रिलमध्ये थोडं खत देईन, थोडं म्हणजे थोडं. आणि मेमध्ये..."

"मेमध्ये?"

"मेमध्ये मी मशीनच्या खोलीची किल्ली तुमच्या बायकोच्या पर्समध्ये टाकणार आहे."

जावई हसला. तो हसला की नाकातून आवाज येतो हे काकांना आजवर माहीत नव्हतं. खिडकीतून मुलगी म्हणाली, "म्हणजे मेपर्यंत आहात तर. मग धाकट्या काकांना कळवून टाकते, ती निळी खोली भाड्याने द्या म्हणून. पलंगाखाली झाडताना ती बॅग सारखी केरसुणीला लागते हो बाबा."

काकांचे कान लाल झाले. पण त्यांना त्याहून महत्त्वाचं काहीतरी खटकलं होतं.

"मेपर्यंत कसं?" ते म्हणाले. "आणि सप्टेंबरचं बी कोण टाकणार? तुम्ही दोघं?"

कुंपणापलीकडून नर्सबाई म्हणाल्या की आवाज आहे तर माणसाला, आठ महिने मला वाटत होतं नुसती मान हलवता येते. मुलगी म्हणाली, चहा गार होतोय. कोणी आत गेलं नाही. जावयाने मशीन सुरू केली. काका अनवाणीच त्याच्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे चालू लागले, आणि दर चार पावलांनी त्याच्या कानाशी वाकून ओरडून सांगू लागले, जरा डावीकडे, जरा डावीकडे.